ओविएदोतली तोंडी परीक्षा

ओविएदोतल्या शेवटच्या दिवशी मारेन टोलेफसनची स्पॅनिशची तोंडी परीक्षा दुपारी बारा वाजता होती. पण त्या दिवसाची पहिली परीक्षा सकाळी नऊलाच सुरू झाली, आणि तिथे परीक्षक मारेन होती.

परीक्षेला बसली होती घरमालकीण कोवादोंगा. वय त्रेसष्ट, पोस्टातून निवृत्त, केस आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन बसवून आणलेले. तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसून लख्ख केलं होतं, नाश्त्याची भांडी बाजूला सारली होती आणि कानांत मोती घातले होते. समोर वही, वहीवर टोक काढलेली पेन्सिल. नवरा सेनेन खिडकीपाशी बसून कॉफीत पाव बुडवत होता. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. जानेवारीपासून मारेनने त्याच्या तोंडून सकाळचा नमस्कार, रात्रीचा नमस्कार आणि ‘मीठ दे’ यापलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस, अंधारात राहून राहून बोलायची सवय मोडली असेल, अशी तिने आपली समजूत करून घेतली होती आणि घरी तसं कळवलंही होतं. आईला ते वाचून भरून आलं होतं.

“मी सिद्ध आहे,” कोवाबाई इंग्रजीत म्हणाली. “कृपया कठीण प्रश्न विचार. मला दया नको आहे.”

हे सगळं सुरू कसं झालं, तेही सांगायला हवं. मारेन मिनेसोटातल्या बेमिजी गावची. वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, आई शाळेच्या ग्रंथालयात. कॉलेजात तिने स्पॅनिश घेतलं, लेखी परीक्षांत उत्तम गुण मिळवले, आणि एक सहामाही स्पेनमध्ये काढायची म्हणून इथल्या एका भाषा-संस्थेत आली. अमेरिकी मुलांनी एखाद्या घरात राहायचं, घरच्यांनी त्यांच्याशी फक्त स्पॅनिशमध्येच बोलायचं, असा संस्थेचा नियम. कोवाबाईने त्यावर सही केली होती. विमानात आणि नंतरच्या बसमध्ये मारेनने एकच वाक्य घोटलं होतं: आपण मला घरात घेतलंत, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. दार उघडलं, तिने तोंड उघडलं, आणि त्याआधीच कोवाबाई खणखणीत इंग्रजीत म्हणाली होती, “स्वागत असो. हवामान वाईट आहे, होय ना?”

तेव्हापासून घरात इंग्रजी. नाश्त्याला इंग्रजी, जेवताना इंग्रजी, कपडे वाळत घालताना चिमटे, दोरी, ओला, दमट, सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात मारेनने दोनतीनदा स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. कोवाबाईने कौतुकाने मान हलवली आणि म्हणाली, “छान. आता हेच इंग्रजीत कसं म्हणतात?” मारेनच्या गावाकडे कोणाला नाही म्हणायचं तर आधी तीनदा हो म्हणावं लागतं, आणि तिसऱ्या होनंतर माणूस विसरून जातो की त्याला नाही म्हणायचं होतं. मारेनचंही तसंच झालं.

बाहेरही तीच गत. कोपऱ्यावरच्या बेकरीतली पोरगी पावाचं नाव इंग्रजीत सांगायची. वर्गात सोबतीला सगळी अमेरिकी मुलं, आणि मास्तर इतके सावकाश बोलायचे की तसं कोणी बोलत नाही. एकदा संस्थेची बाई घरी पाहणीला आली, तेव्हा कोवाबाईने अर्धा तास अशी काही स्पॅनिश सुनावली की मारेन नुसती माना डोलवत राहिली. बाईने जाताना वहीत लिहिलं, समजण्याची क्षमता असाधारण.

आणि तिकडे बेमिजीत वडील गिऱ्हाइकांना सांगत होते की आमची मुलगी आता स्वप्नंसुद्धा स्पॅनिशमध्ये बघते. त्यांचं खोटं म्हणता येत नव्हतं. स्वप्नात मारेन खरंच स्पॅनिश बोलायची. तिथे तिला कोणी अडवत नसे.

तर आता नऊ वाजता परीक्षा. मारेनने तीन प्रश्न काढले होते. घराचं वर्णन करा. गेल्या रविवारी काय झालं ते सांगा. तिसरा कोवाबाईनेच सुचवलेला: ॲबर्डीनच्या विमानतळावर तुमची बॅग आली नाही, तिथल्या माणसाशी बोला. ॲबर्डीनला तिचा मुलगा नेल असतो, तेलाच्या कंपनीत. तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि त्यांना चार वर्षांचा एक मुलगा आहे, फिनले. जूनमध्ये कोवाबाई आणि सेनेन प्रथमच तिकडे जाणार होते.

घराच्या वर्णनात कोवाबाई जरा अडखळली. रविवारचं बरं सांगितलं. पण बॅगेच्या प्रश्नावर तिने कमाल केली. आवाज चढवला नाही, रडली नाही, त्या नसलेल्या माणसाला त्याचं नाव विचारलं, त्याच्या साहेबाचं नाव विचारलं, आणि शेवटी “मी इथेच बसते, मला घाई नाही” असं म्हणून हाताची घडी घातली. मारेनला वाटलं, विमानतळावर ती असती तर ‘काही हरकत नाही’ म्हणून बॅगेशिवाय घरी गेली असती.

तिने शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी दिले. कोवाबाईने ते आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहून घेतले, खाली मारेनची सही घेतली, आणि बारा कुठे गेले ते विचारलं. काळाच्या चुका, मारेन म्हणाली. कोवाबाईने कागद फ्रिजवर चुंबकाने लावला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. मग तिला आठवलं.

“तुझीसुद्धा आज एक परीक्षा आहे,” ती म्हणाली. “चिंता करू नकोस. तुला केवळ बोलायचं आहे.”

सेनेनने कॉफी संपवली, टोपी घातली आणि खाली गेला.

तोंडी परीक्षा घेणारे प्राध्यापक एवारिस्तो किरोस हे साठीकडे झुकलेले, बो टाय लावणारे, मुलांत प्रिय असलेले गृहस्थ. मारेनने दोन आठवडे खपून दहा मिनिटांचं भाषण तयार केलं होतं, सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या दारूवर. सफरचंदं कुठून येतात, बाटली डोक्यावर धरून ग्लास मांडीजवळ का धरतात, धार पडताना माणसाने ग्लासाकडे का बघायचं नसतं. रोज रात्री अंथरुणात पुटपुटून पाठ केलेलं. आपण नापास होणार हे तिने मनोमन धरलं होतं, पण निदान आपल्या तोंडाने नापास व्हावं एवढी इच्छा होती. आरशासमोर उभं राहून तिने ठरवलं होतं की अडलं तरी इंग्रजीत जायचं नाही.

तिची दोन वाक्यं झाली. तिसऱ्याला प्राध्यापकांनी हात वर केला आणि अत्यंत प्रेमाने, इंग्रजीत म्हणाले की उच्चार उत्तम आहे, पुढचं त्यांना ऐकायची गरजच वाटत नाही, आणि वेळ उरलाच आहे तर तिची एक छोटीशी मदत झाली असती. पुढच्या आठवड्यात त्यांना लीड्सला एका परिषदेत निबंध वाचायचा होता. सुरुवातीचे दोन परिच्छेद ती ऐकेल का?

मारेनने ऐकले. मग तिसरा ऐकला. ‘थरो’ आणि ‘थ्रू’ यांतला फरक तिने चारदा म्हणून दाखवला, त्यांनी चारदा मागून म्हटला. निबंधाचा विषय होता, परकीय भाषेच्या अध्यापनात मौनाची भूमिका. पंचवीस मिनिटांनी प्राध्यापकांनी घाम पुसला, तिच्या कागदावर ‘सर्वोत्कृष्ट’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि म्हणाले की इतकी संयमी विद्यार्थिनी त्यांना बऱ्याच वर्षांत भेटली नव्हती.

ती जिना उतरून रस्त्यावर आली. बारीक पाऊस होता, असून नसल्यासारखा, तिथे असतो तसा. छत्री तिने वरच विसरली होती. परत जाऊन मागायला हरकत नव्हती, पण मागायची कुठल्या भाषेत हा प्रश्न पडला, आणि ती तशीच चालू लागली. आनंद व्हायला हवा होता. चार महिने ज्याला भीत होती ते झालं होतं, आणि झालंच नव्हतं. एखाद्याला फाशी व्हायची आणि ऐनवेळी दोर मिळू नये, तशी काहीशी तिची अवस्था होती.

दोन वाजता घरी पोचली. बस पाचची होती, माद्रिदची. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. बॅगा दारात लावून ठेवलेल्या. घरभर फाबादाचा वास, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांच्या, डुकराचं मांस घातलेल्या थंडीतल्या रश्शाचा, मेच्या शेवटीसुद्धा, कारण निरोपाचं जेवण म्हटलं की कोवाबाईला दुसरं काही सुचत नसे. दाराजवळच्या कपाटावर संस्थेचं पाकीट होतं, वर मारेनचं नाव. जाताजाता संस्थेत टाकायचा यजमानांचा अभिप्राय. पाकीट चिकटवलेलं नव्हतं.

वाचायला तिला पूर्वीपासून चांगलं यायचं. तिने वाचलं. मुलगी गुणी आहे. खोली स्वच्छ ठेवते. भाज्या खाते. वेळेवर घरी येते. मात्र स्पॅनिश शिकण्याची तिला मुळीच आवड दिसली नाही. आम्ही दोघांनी पुष्कळ प्रयत्न करूनही घरात ती सतत इंग्रजीतच बोलत राहिली.

मारेनने ते पुन्हा वाचलं. ‘पुष्कळ प्रयत्न करूनही’ हे तिसऱ्यांदा वाचलं. मग ती कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. कोवाबाई पातेल्यात पळी फिरवत होती. मागे न वळता तिने इंग्रजीत विचारलं, “तर, तुझी परीक्षा कशी संपन्न झाली?”

“हे काय आहे?” मारेन म्हणाली.

ते तिने स्पॅनिशमध्ये म्हटलं होतं. कोवाबाई वळली, कागद पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाचा जो भाव असतो तो आला. तिने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की ही केवळ एक औपचारिकता आहे.

“नाही,” मारेन म्हणाली. “स्पॅनिशमध्ये सांग. तुझ्या भाषेत खोटं लिहिलंस ना, मग तुझ्या भाषेत सांग.”

वर्गात तिला मोठ्या माणसांना ‘आपण’ म्हणायला शिकवलं होतं, आणि चार महिने जी काही चार वाक्यं तिने म्हटली ती ‘आपण’मध्येच. आता तिच्या तोंडून सरळ ‘तू’ आलं आणि तिला ते कळलंही नाही. पुढचं तर बांध फुटल्यासारखं आलं. मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं, तू मला बोलू दिलं नाहीस. मी ‘चमचा’ म्हटलं, तू इंग्रजीत चमचा म्हणालीस. मी आजारी पडले, ताप आला, तापात मी स्पॅनिश बोलले, तर तू शेजारी बसून ताप या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग विचारलंस. मी तुझी विद्यार्थिनी नव्हते. मी फुकटची मास्तर होते. आणि आता माझ्या कॉलेजला सांगतेस की मला हौस नाही?

“तुझी खोटेपणा मला समजली आहे,” ती शेवटी म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली.

“तुझा,” बाहेरून आवाज आला. मधल्या चौकापलीकडची खिडकी उघडी होती आणि शेजारीण ओबदुलिया कोपरं टेकून उभी होती. तिने शाळेत पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं. “तुझा खोटेपणा. मला समजला. बाकी सगळं बरोबर आहे, चालू दे.”

“ओबदुलिया, तू आत जा,” कोवाबाई ओरडली. ओबदुलिया आत गेली नाही.

मग कोवाबाईने पळी खाली ठेवली, आणि पाहणीचा तो अर्धा तास सोडला तर चार महिन्यांत पहिल्यांदा मारेनशी आपल्या भाषेत बोलली. ती बाई वेगळीच होती. ‘संपन्न’ आणि ‘कृपया’ कुठच्या कुठे गेले.

“हो, लिहिलं. लिहिलं, काय करशील?” ती म्हणाली. “खरं लिहिलं तर पुढच्या वर्षी पोरगी देतील का मला? आणि फुकटची मास्तर म्हणे. चार महिने शिकले तुझ्याकडून, काल सूनबाईचा फोन आला, तिचं एक अक्षर कळेल तर शपथ. एक अक्षर. कसलं इंग्रजी शिकवलंस गं? ती बोलते ते वेगळंच, तोंडात गरम बटाटा घेतल्यासारखं. मी आपली ‘होय ना, होय ना’ करत बसले.”

“मी मिनेसोटाची आहे. मी तुला सांगितलं होतं.”

“मला काय माहीत मिनेसोटा कुठे आहे? इंग्रजी म्हणजे इंग्रजी.”

“मग मला का नाही विचारलंस? सरळ विचारायचं. माझा नातू आहे, मला शिकव. मी शिकवलं असतं, आणि तूही मला शिकवलं असतंस. अर्धा दिवस तुझं, अर्धा दिवस माझं.”

“आणि तू नाही म्हणाली असतीस तर?”

“मला नाही म्हणता येत नाही,” मारेन म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या भाषेतसुद्धा.

कोवाबाई खुर्चीवर बसली. राग होता, पण त्यातली हवा निघत चालली होती. तिने सांगितलं की फिनले चार वर्षांचा झाला आणि त्याने तिला अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. तो काहीतरी विचारतो, ती हसते. तो परत विचारतो, ती परत हसते. मग तो निघून जातो. गेल्या नाताळात तो आईला म्हणाला होता, ही आजी फक्त हसते का. नेलने गंमत म्हणून ते सांगितलं. “मी तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली,” ती म्हणाली. “आंधळ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवली. आणि माझ्या नातवापुढे मी मुकी. मला तेव्हा दुसरं काही दिसलं नाही. तू दारात उभी राहिलीस, मला वाटलं देवाने पाठवली. देवाने पाठवलेल्याला कोणी परवानगी विचारतं का?”

पलीकडच्या खिडकीत ओबदुलियाने नाक पुसलं.

“आणि मी?”

दारात सेनेन उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे. टोपी हातात, काखेत पाव.

“काय तू?” कोवाबाई म्हणाली.

“मीही जाणार ना ॲबर्डीनला. मला कोणी शिकवलं?”

“तुला कशाला शिकायचंय? तू कुठे बोलतोस?”

सेनेनने पाव टेबलावर ठेवला. मग तो मारेनकडे वळला, आणि अगदी शांतपणे, एकेक शब्द नीट ठेवत बोलू लागला. तो म्हणाला की या घरात जानेवारीपर्यंत सगळ्यात जास्त कोण बोलायचं ते ओबदुलियाला विचार. ओबदुलियाने खिडकीतून मान डोलावली. तो म्हणाला की खाणीत त्याला रेडिओ म्हणायचे, माणसं नेणारा पिंजरा खाली जायला लागला की याचं सुरू व्हायचं आणि वर येईपर्यंत चालायचं. “मग तू आलीस,” तो म्हणाला. “आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर, माझ्या घरात, मला कोणी काय बोलतंय ते कळेना. तुम्ही दोघी हसायच्या. मला वाटायचं माझ्यावरच हसताहेत. मी विचारलं दोनतीनदा, तर ही म्हणाली, मध्ये बोलू नकोस, माझी लय जाते. मग मी गप्प राहायला लागलो. गप्प राहिलं की पाव तरी निवांत खाता येतो.”

“मला वाटलं, तुम्ही मुळात अबोल आहात,” मारेन म्हणाली. तिला आईला भरून आलेलं आठवलं. “मला वाटलं, खाणीमुळे.”

“खाणीत मी काढलेला सगळा वेळ धरला तरी इतका गप्प नव्हतो. पण एक झालं.” तो खुर्ची ओढून बसला. “जूनमध्ये तिकडे सुनेच्या घरी मला असंच बसायचंय, काही न कळता, पाव खात. त्याची तालीम तुम्ही माझ्याकडून चांगली करून घेतलीत. चार महिने. बायकोला तू अठ्ठ्याऐंशी दिलेस. मला किती देतेस?”

पहिल्यांदा कोवाबाई हसली. तिने ओठ आवळून धरले, मान फिरवली, पण खांदे हलायला लागले. मग ओबदुलिया हसली, ती आवाज करून. मारेन हसली नाही. ती त्या माणसाकडे बघत होती आणि तिला अचानक लक्षात आलं की तो बोलला त्यातला प्रत्येक शब्द तिला कळला होता, ‘तालीम’सुद्धा.

फाबादा खाली लागला होता, त्यावरून आणखी एक छोटं भांडण झालं आणि तेही स्पॅनिशमध्ये झालं. जेवताना सेनेन थांबला नाही. चार महिन्यांचं साठलेलं होतं. वरच्या मजल्यावरचा माणूस, त्याच्या बायकोचा भाऊ, मोदेस्ता नावाची एक गाय, पोप, फुटबॉल, टोमॅटोला आता चव का नाही. मारेन विचारायची, तो उत्तर द्यायचा, ती चुकायची, कोवाबाई दुरुस्त करायची, आणि कोवाबाई तोंडात घास असताना दुरुस्त करायची म्हणून सेनेन तिला टोकायचा. मारेनने त्याला सायडरचं भाषणही म्हणून दाखवलं, पूर्ण दहा मिनिटांचं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग सांगितलं की ग्लासाकडे न बघण्याबद्दल तिने जे सांगितलं ते चूक आहे, बघायचं असतं, न बघता फक्त टीव्हीसाठी ओततात. तिने ते लिहून घेतलं.

चार वाजता कोवाबाईने अभिप्रायाचा कागद मागून घेतला. मारेनला वाटलं ती तो फाडणार. ती फाडणारी नव्हती. पोस्टातल्या माणसाच्या हातून कागद फाटत नाही. तिने चष्मा लावला, आधीचं सगळं एकदा वाचलं, आणि म्हणाली की यात दुपारी दोन वाजेपर्यंत खोटं काही नाही, ही इंग्रजीतच बोलत होती हे खरं आहे. प्रयत्नांबद्दलचं वाक्य तिने तेवढं खोडलं. खाली एक ओळ घातली आणि पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं.

“काय लिहिलंस?” मारेनने विचारलं.

“मात्र भांडते उत्तम,” कोवाबाई म्हणाली.

हे पाकीट आणि प्राध्यापकांचा सर्वोत्कृष्टवाला कागद दोन्ही एकाच दिवशी संस्थेत पोचले, आणि तिथून एकाच फाइलीत मिनेसोटाला गेले. एका कागदावर ही मुलगी अप्रतिम स्पॅनिश बोलते असं होतं, दुसऱ्यावर ती बोलतच नाही असं. कॉलेजने पुढे दोन्ही स्वीकारले. विचारलं मात्र कोणी काही नाही.

बसस्थानकावर तिघं चालत गेले, एकेक बॅग घेऊन. वाटेत सेनेनने पिंजऱ्याची गोष्ट सुरू केली. सत्त्याऐंशी साल होतं, फेब्रुवारी, आणि पाळी संपवून वर येताना पिंजरा मध्येच अडकला. वर दीडशे मीटर, खाली तेवढंच. आत दोघंच, तो आणि कोवादोंगाचा भाऊ लाउरेआनो. त्या दोघांचं तेव्हा वाकडं होतं, कारण सेनेन त्याच्या बहिणीच्या मागेपुढे करत होता आणि लाउरेआनोला तो डोळ्यांसमोर नको होता. पहिला तास ते बोललेच नाहीत. दुसऱ्या तासाला दिवा विझला.

“दिवा विझला नव्हता,” कोवाबाई म्हणाली. “लाउरेआनोने मला सांगितलंय.”

“लाउरेआनो डोळे मिटून बसला होता, त्याला काय कळणार.”

संस्थेच्या पेटीत पाकीट टाकलं. स्थानकावर बस लागलेली होती. ड्रायव्हरने बॅगा पोटात सारल्या. सेनेन चौथ्या तासापर्यंत आला होता. लाउरेआनो देवाला नवस बोलू लागला होता, एकामागून एक, आणि मोठ्याने. आधी सिगारेट सोडेन, मग जुगार सोडेन, आणि देव काही ऐकत नाही असं बघून शेवटी तो अंधारात सेनेनचा हात धरून म्हणाला की—

ड्रायव्हरने हॉर्न दिला. कोवाबाईने मारेनला दोन्ही गालांवर पापे दिले, मग छातीशी इतकं दाबून धरलं की मारेनच्या गळ्यातल्या बॅगेचा बंद तुटला. त्या वेळी तिने काहीतरी म्हटलं ते मारेनला कळलं नाही, कारण ते कोवाबाई तिच्या केसांत म्हणाली होती. सेनेनने हात मिळवला. त्याचा हात रुंद आणि खरखरीत होता आणि त्याने तो सोडला नाही, कारण गोष्ट अजून चालू होती.

“मग काय म्हणाला तो?” मारेन बसच्या पायरीवरून विचारत होती. “अंधारात हात धरून काय म्हणाला?”

“तो म्हणाला, आपण इथून जिवंत सुटलो तर माझी बहीण—”

“असं काही म्हणाला नाही,” कोवाबाई म्हणाली. “मी लग्नाला हो म्हटलं ते जानेवारीतच. पिंजरा फेब्रुवारीत.”

“जानेवारीत तू हो म्हणाली नव्हतीस. विचार करते म्हणाली होतीस.”

“विचार करते म्हणजेच हो. सदतीस वर्षं झाली आणि याला अजून कळलं नाही.”

दार बंद झालं. मारेन खिडकीशी जाऊन बसली आणि काचेवर हात ठेवून निरोपासाठी तयार राहिली. ड्रायव्हरने बस मागे घेतली, वळवली. खाली फलाटावर ती दोघं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. सेनेन बोटांवर महिने मोजत होता, कोवाबाई त्याची बोटं मिटवत होती. आवाज काचेतून येत नव्हता. बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत दोघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही.